गव्हाणीवर टाचलेली गोधडी

मी दुसरेपणावर या घरात आले तेव्हा पहिली घरातच होती. हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. आमचं गाव घोटीच्या पलीकडे, भाताच्या पट्ट्यात. आई मी लहान असतानाच गेली, वडील थकलेले, आणि भाऊ-भावजयीला मी जड झाले होते. नाशकाजवळ बागाईत मळा आहे, विहिरीला पाणी आहे, माणूस निर्व्यसनी आहे, पहिलीला मूल नाही आणि तिची कंबर गेली आहे, एवढं सांगून मामांनी ते स्थळ आणलं. पहिली त्रास देईल का, असं भावजयीनं विचारलं. मामा म्हणाले, "ती काय तरास देनार? तिला खाली बसायाबी येत नाय." ते ऐकून घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं. दुसरी लढाई लागायला अजून काही वर्षं होती. अशी लग्नं तेव्हा सर्रास होत, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

मळा मखमलाबादच्या वाटेवर होता. शेवंती, गुलाब, झेंडू आणि कडेनं वांगी, मेथी. पहाटे फुलं तोडायची, पाट्या भरायच्या, मालक बैलगाडी घेऊन बाजाराला जायचे. नवऱ्याला मी मालक म्हणत असे आणि पहिलीला अक्का. अक्का नामपूरकडची. उंच, सावळी, हाडापेरानं मोठी बाई. माझ्या लग्नाआधी दोन वर्षं विहिरीच्या ओल्या पायऱ्यांवरून हंड्यासकट घसरली होती. हाडवैद्यानं लेप लावले, पट्टे बांधले, पण कंबर धरली ती धरलीच. तिला उभं राहता येई, चालता येई, उंच ओट्यावर टेकता येई. खाली बसली की उठता येत नसे. आणि आमच्या घरात सगळं काम खालीच. चूल खाली, जातं खाली, भाजी निवडणं खाली.

ती माझ्याशी भांडली नाही. बोललीही फारशी नाही. मीठ कुठे, राखेचं मडकं कुठे, कोणती म्हैस लाथ मारते, एवढं पहिल्या दिवशी सांगितलं आणि मग महिनोन्‌महिने गरजेपुरतंच. मी चुलीशी बसलेली असे आणि ती दारात चौकटीला पाठ टेकून उभी. माझ्या भाकरीकडे बघायची. चुकलं तर सांगायची नाही, नीट झालं तरी सांगायची नाही. मला तिची भीती वाटे. शिव्या देणारी सवत परवडली असती असं मनात येई.

पुढच्या वर्षी वैशाखात मला दिवस गेले. मालकांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे माझ्या नणंदेला, पंचवटीत दिलेलं होतं. त्यांना मी वन्स म्हणे; त्या दर बाजारच्या दिवशी मळ्यावर येत. बातमी कळल्यावर त्यांनी माझी ओटी भरली, दृष्ट काढली, आणि जेवायला बसल्यावर भावाला म्हणाल्या, "आता थोरलीला नामपूरला धाड. तिचा भाऊ काय उपाशी ठेवनार नाय तिला. पोटुशी बाई घरात असताना तिची सावली नको."

अक्का दारातच उभी होती.

मालक म्हणाले, "बघू."

ते सगळ्यालाच बघू म्हणत. पाऊस संपला, दसरा झाला, दिवाळी झाली आणि ते बघूच म्हणत राहिले. वन्स मात्र प्रत्येक खेपेला तेच बोलत. अक्का ऐकत असे. ऐकून झालं की गोठ्याकडे जात असे.

दिवाळी सरली की आमच्याकडे थंडी पडते, आणि मळ्यावर तर पाण्यामुळे जास्तच. एका सकाळी मी फुलांच्या पाट्या देऊन घरात आले तर अक्का जमिनीवर आडवी पडलेली दिसली. मला वाटलं पडली. जवळ गेले तर तिच्यासमोर जुनी लुगडी पसरलेली, आणि ती कुशीवर पडून, एका कोपरावर अंग तोलून, दुसऱ्या हातानं टाका घालत होती. कपाळावर घाम होता.

"अक्का, काय करताय?"

"तुझ्या बाळंतपणाला गोधडी नको? तुझ्या माहेराहून कोन देनार हाय?"

खरंच होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण मला आई नव्हती आणि भावजयीनं निरोपही पाठवला नव्हता. मी सासरीच बाळंत होणार होते. बाजेवर घालायला जाड वाकळ लागणार हे मला सुचलंही नव्हतं.

मी तिला काखेत हात घालून उठवायला गेले. तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं आणि हात झटकला. म्हणाली, "तू वजन उचलू नको. मालक येतील." मालक बाजारातून येईपर्यंत ती तशीच पडून राहिली. मी बाजूला बसून होते. आल्यावर त्यांनी तिला उठवलं, आणि रागावले. "ही कंबर घेऊन हे धंदे कशाला? बाजारात मिळत्यात गोधड्या शिवून."

अक्का म्हणाली, "कंबर गयी, पन हात शे." चिडली की तिच्या तोंडात माहेरची बोली येई, 'आहे'चं 'शे' होई.

मलाच त्या दिवशी सुचलं. आमच्या गोठ्यात बैलांसाठी मातीची बांधलेली गव्हाण होती, कमरेइतकी उंच, गोठ्याच्या मधोमध लांबलचक. दुपारी बैल मोटेवर असत. मी म्हटलं, "गव्हाणीवर दार टाकलं तर? उभ्यानं टाचता येईल."

मालक म्हणाले, "कुठलं दार?" पण दुसऱ्या दिवशी कांद्याच्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढून त्यांनीच गोठ्यात नेलं. गव्हाणीवर आडवं टाकलं. ते जरा खाली वाटलं, म्हणून दोन्ही अंगांना विटा घातल्या. विटा घालताना मधेच उठले, अक्काच्या कमरेशी हात धरून उंची बघितली, परत वाकले, आणखी एक वीट सरकवली. तिला काही विचारलं नाही. माझ्याशी ते चांगलं वागत, मला कधी टाकून बोलले नाहीत. पण त्या हाताकडे मी बघत राहिले. या दोघांचं बारा-पंधरा वर्षांचं काहीतरी होतं आणि मी त्याच्या बाहेर उभी होते, शेणाच्या पाटीजवळ.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी आम्ही दोघी गोठ्यात काम करू लागलो.

गोधडीत शिवण्यापेक्षा टाचणं, म्हणजे सगळे थर कच्च्या टाक्यांनी जोडून घेणं, अवघड, हे मला तेव्हा कळलं. वरून गुळगुळीत दिसतं आणि आतल्या थराला चुणी पडलेली असते, ती शिवल्यावरच कळते. तेव्हा मग उसवण्यावाचून गत्यंतर नाही. अक्कानं आधी खालचं लुगडं दारावर ताणून त्याचे कोपरे सुतळीनं दाराच्या कडांना बांधले. त्यावर मालकांची जुनी धोतरं, त्यावर आणखी दोन विटलेली लुगडी, आणि सगळ्यात वर एक हिरवं. प्रत्येक थर घातला की ती मधून कडेकडे तळव्यानं निपटत नेई, अंगाला तेल लावावं तशी. मग मधोमध उभा एक टाका, आडवा एक, आणि तिथून बाहेर बाहेर. टाके बोटभर लांब, सैल, पांढऱ्या दोऱ्याचे, म्हणजे पुढे बारीक शिवण झाली की दिसतील आणि ओढून काढता येतील. सुईचं टोक लाकडाला लागून बोथट होऊ नये म्हणून ती डाव्या हातात पितळेची पळी धरायची. टोक वर आलं की पळीच्या काठानं उचलायचं. मी ते बघत राहायची.

एक अडचण होती. गोधडी दारापेक्षा रुंद होती. कडा खाली लोंबत आणि त्या वजनानं थर सरकत. म्हणून समोरच्या बाजूला उभं राहून लोंबता भाग उचलून धरायला कुणीतरी हवं. ते काम माझं. माझं पोट दाराच्या कडेला टेके. अक्का मधेच सुई थांबवून म्हणे, "जरा बस." मी उपड्या घातलेल्या पाटीवर बसे. ती उभीच राही. तिला उभं राहण्यात आराम होता आणि मला बसण्यात, त्यामुळे आमचं जमलं.

समोरासमोर असं किती वेळ गप्प राहणार? तीच पहिल्यांदा बोलली.

"पोर हालतं का?"

"लय हालतं."

"माझं दुसरं लय हालायचं. पहिलं गप होतं."

मी कड हातात धरून तशीच उभी राहिले. मला सगळ्यांनी सांगितलं होतं की तिला मूल झालंच नाही.

"झाली होती?"

"दोन झाली. राहिली नाहीत. एक सव्वा महिन्यानं गेलं, एक दात येताना. ज्याला त्याला त्याच्या गोधडीसकट मातीत दिलं." ती टाका घालत होती. "ते कुनी मोजत नाही. राहिलं तर मूल."

मी तिला विचारलं, "अक्का, माझ्या लग्नाला तुम्ही हो म्हनाला होता ना? मामा म्हनत होते, पहिलीनंच दुसरी करा म्हनून सांगितलं."

तिनं पळी खाली ठेवली. "मला विचारलं नव्हतं. एक दिवस मळ्यातल्या बायका हळद दळायला आल्या. मला जात्याशी बसता येत नव्हतं, म्हनून त्या आल्या. मी विचारलं, हळद कुनाची? तर एकमेकींकडे बघाया लागल्या. तेव्हा कळलं." मग तिनं परत सुई उचलली. "कड वर घे. सरकली बघ."

आता ती रोज काहीतरी बोलू लागली. विहिरीत पाणी लागलं तेव्हाचं, सासू कशी होती त्याचं. मीही आमच्या गावचं सांगू लागले, लावणीच्या दिवसांतला चिखल, आई आठवते तेवढी. तिला हसताना मी पहिल्यांदा त्या गोठ्यात पाहिलं. पण गोठ्याबाहेर आलो की ती पुन्हा दारात उभी राहणारी बाई होई, आणि मला नक्की कोणती खरी ते समजत नसे. मूल झालं की ही ते माझ्यापासून घेईल का, हा विचारही मनात येई. तिनं पोटाकडे पाहिलं की मी नकळत पदर ओढून घेई.

टाचणं अर्धं होत आलं असेल. बाजारचा दिवस होता. वन्स घरात कुणी नाही बघून थेट गोठ्यात आल्या. दाराकडे पाहिलं, हिरव्या लुगड्यावर हात फिरवला.

"हे तर तिच्या लग्नातलं," त्या मला म्हणाल्या. अक्का समोर असून मला. "जिची दोन गेली तिच्या लुगड्यावर तू लेकरू निजवनार?"

गोठ्यात म्हशीच्या रवंथाचा तेवढा आवाज होता. अक्कानं कडेच्या टाक्याची गाठ नखानं सोडली आणि दोरा ओढला. कच्चा टाका तो, एका ओढीत सगळी ओळ निघून आली. मग दुसरी. ती ते अगदी शांतपणे करत होती, जणू तेही कामच होतं. हिरव्या लुगड्याची कड मोकळी होऊन खाली लोंबली.

मी तिच्या हातावर हात ठेवला. नणंदेला मी तोवर कधी उलट बोलले नव्हते.

"वन्स, माझ्या माहेरून चिंधीबी आली नाही. माझ्याजवळ अंगावरचं एक आन वाळत घातलेलं एक. ह्याच्यावर निजवू नको म्हनता, तर कशावर निजवू? तुमचं एखादं देता का?"

वन्स म्हणाल्या, "तुझ्या भल्याचं सांगितलं," आणि घरात गेल्या. मालक आले तेव्हा अंगणात भावाशी बराच वेळ बोलल्या. शब्द कळले नाहीत. मी अक्काला म्हटलं, "टाका परत घाला." ती म्हणाली, "आज नको. उजेड गेला." उजेड होता.

दुसऱ्या सकाळी मालकांनी अक्काला सांगितलं, "बाळंतपनापुरती जाऊन ये नामपूरला. दोन-तीन महिने."

मी चुलीशी होते. म्हटलं, "मला कोन बघनार? त्यांना घरात राहू द्या."

ते माझ्यावर रागावले नाहीत. तिथेच उंबऱ्यावर बसले, आणि मला म्हणाले, "दोन मी ह्या हातानं नेलीत. तिसऱ्याला काय झालं तर मी तिलाच दोष देईन, आन मला तो द्यायचा नाय." त्यांचं बोलणं मला तेव्हा अन्यायाचं वाटलं. आजही वाटतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, हेही खरं.

अक्का एवढंच म्हणाली, "टाचून होऊ दे. मग जाते."

पुढचे दोन-तीन दिवस आम्ही सकाळीही गोठ्यात असायचो. बैल बाहेर झाडाखाली बांधले. उसवलेल्या ओळी तिनं परत घातल्या, हिरवं लुगडं तसंच ठेवून. आता ती गप्पा मारत नव्हती. मला शिकवत होती. पक्की शिवण कडेकडून आत आत घ्यायची, टाचण्याच्या उलट. दोरा हातभरापेक्षा लांब घ्यायचा नाही, गुंता होतो. टाचलेली ओळ शिवण तिथे पोचेपर्यंत काढायची नाही, कितीही आडवी आली तरी. "आन बाळंतिणीनं सुई धरू नये, डोळे जातात. सव्वा महिना तशीच वापर. कच्चा टाका तेवढा टिकतो."

नामपूर सटाण्याच्या पुढे; सटाण्याकडे जाणारी मोटार नाशकातून निघे. मालकांनी तिला गाडीतून तिथवर नेलं. गाडीत गवत जाड घातलं होतं, तरी ती उभ्यानंच गेली, बैलांच्या मागचा दांडा धरून. मी मळ्याच्या वाटेपर्यंत गेले. मला म्हणाली, "परत जा, ऊन हाय." मागं वळून पाहिलं नाही. कमरेमुळे तिला वळता येत नसे.

पौषात मी बाळंत झाले. दिवस पुरे भरले नव्हते. पाण्याची घागर उतरवताना कळ आली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुटका नाही. सुईण घाबरली होती. वन्स पंचवटीहून धावत आल्या आणि त्यांनी माझं डोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. मला चहा पाजला, शेक दिला, मूल रडेना तेव्हा त्यांनीच त्याला पायाला धरून पाठीवर थापट्या मारल्या. मुलगी झाली, एवढीशी. ऊब देण्यासाठी काहीतरी जाड हवं होतं. घरात जाड म्हणून तेवढी एकच गोष्ट. वन्सनी ती टाचलेली गोधडी उचलली, क्षणभर हातात धरली आणि पोरीला तिच्यात गुंडाळलं. मग तिथंच बसून राहिल्या, सव्वा महिना. भावाच्या घरी स्वतःचा संसार सोडून. मी त्यांचा राग धरावा की नाही, हे मला आजतागायत ठरवता आलं नाही.

मुलगी जगली. अशक्त होती, पण जगली. बारशाला अक्काला आणायला मालक नामपूरला गेले. मी वाट बघत होते. ते एकटेच परत आले. म्हणाले, "मोटारीचे हिसके सोसत नाहीत म्हनाली." मग उन्हाळ्यात परत गेले. तेव्हाही एकटेच आले आणि या वेळी कारणही सांगितलं नाही.

दसरा होऊन मुलगी कशीबशी बसायला लागली तेव्हा मीच म्हटलं, मी जाते. मालक बघू म्हणाले नाहीत. मोटारीच्या तळावर मला सोडायला आले.

नामपूरला कांद्याचा हंगाम होता. गावभर कांद्याचा वास, बैलगाड्यांची रीघ. विचारत विचारत अक्काच्या भावाच्या घरी पोचले. ती ओसरीवर होती. दोन पोत्यांच्या थप्प्यांवर फळी टाकून तिनं उभ्यानं कामाची सोय केली होती, आणि त्या फळीवर कुणाच्या तरी गोधडीचे थर पसरलेले होते. भावजयीनं मला पाणी दिलं. अक्का सुई खोचून पुढं आली आणि मुलीला माझ्याकडून घेतलं. छातीशी धरलं नाही, मुके घेतले नाहीत. हातांवर तोलून बघितलं, भाजी घ्यावी तसं.

"हलकी शे," म्हणाली.

"दूध पीत नाय नीट."

"नाचनीचं सत्त्व दे. गाळून."

मी सांगायला आले होते ते सगळं सांगितलं. वन्सनी केलेलं सांगितलं. मालक रोज जेवताना दाराकडे बघतात तेही सांगितलं. आता तरी चला म्हटलं. मुलगी तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होती.

ती भावजय आत गेलीय का बघून हळू बोलली. "आठे भावाकडं मी बहीण शे. तठे तुमच्याकडं मी कोन शे?"

"माझी अक्का."

"तू चांगली हायेस. पन तुला दुसरं होईल, तिसरं होईल. एखाद्याला ताप येईल. मग सगळे माझ्या तोंडाकडं बघतील. तूबी बघशील. नको म्हनू, बघशील. पोर आजारी पडली की आई कुनाकडंबी बघते. मला ते परत सोसायचं नाही."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. ते तिला दिसलं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, एकदाच, आणि मुलगी माझ्याकडे दिली.

मी एक रात्र राहिले. निघताना तिनं मुलीच्या हातात कांद्याची एक लहानशी माळ दिली, खेळायला. पुढे दरसाल हंगामात मी जात असे, या मुलीला आणि मग तिच्या पाठच्या दोघांना घेऊन. चला म्हणून पुन्हा कधी म्हटलं नाही. आम्ही दोघी त्या फळीशी समोरासमोर उभ्या राहून काम करायचो, पोरं ओसरीवर खेळायची. लढाईच्या दिवसांत, एका पावसाळ्यात, ती तापानं गेली. निरोप पोचेपर्यंत दहावा होऊन गेला होता.

पण ते नंतरचं. त्या पहिल्या खेपेला मी नामपूरहून परत आले तेव्हा मालक गुलाबांची छाटणी करत होते. मी मुलीला झाडाखाली ठेवलं आणि पडलेल्या फांद्या गोळा करू लागले. कात्री न थांबवता त्यांनी विचारलं,

"कशी हाय?"

"बरी हायेत."

"काही म्हनाली?"

मी काटे हातात धरून उभी होते. "मुलीला नाचनीचं सत्त्व द्या म्हनाल्या."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या झाडाकडे गेले.